कढईचे उपकरण नेल्याबाबत

ठिकाण: पोलीस ठाणे, किचनर, ऑन्टारिओ. दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सुरुवात: सकाळी ९ वाजून १५ मिनिटे.

नाव: ऊर्मी दिलीप शेटे. वय: २७ वर्षे. व्यवसाय: टेस्ट टेक्नॉलॉजिस्ट, औद्योगिक भट्ट्यांचे तापमान-नियंत्रक बनवणारी कंपनी, किचनर. मूळ गाव: इचलकरंजी. सध्याचा पत्ता: चौकशी करणाऱ्या कॉन्स्टेबलना वेगळ्या कागदावर दिला आहे. या जबाबाची प्रत तक्रारदारांना मिळू शकते असे मला सांगण्यात आले, म्हणून पत्ता येथे देत नाही.

मी समक्ष हजर राहून, विचारलेल्या प्रश्नांवरून, सांगते ते असे.

मला इंग्रजी येते. तरी हा जबाब मी मराठीत देत आहे, कारण या प्रकरणात जे बोलले गेले ते जवळजवळ सर्व मराठीत बोलले गेले आणि मला ते जसेच्या तसे नोंदवायचे आहे. दुभाषी म्हणून श्रीमती प्रभा केळुसकर हजर आहेत. त्यांची व माझी आजपूर्वी ओळख नव्हती.

माझ्याविरुद्ध शीला शैलेंद्र खळदकर यांनी ६ फेब्रुवारी रोजी चोरीची तक्रार दिली आहे. ती मला आज वाचून दाखवली. मी ३० नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवरून तापमान नोंदवणारे एक उपकरण काढून नेले, असे तीत म्हटले आहे. हे खरे आहे. मी ते नेले. त्यात दोन स्क्रू होते, तेही नेले.

मी मे २०२३ पासून ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत खळदकर यांच्या घरी बेसमेंटमध्ये भाडेकरू होते. शैलेंद्र खळदकर एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहेत. शीला खळदकर घरून फराळाच्या ऑर्डर्स घेतात. किचनर, वॉटर्लू, गुएल्फ आणि मिसिसॉगापर्यंत त्यांचे डबे जातात. मी त्यांना शीलाताई म्हणत असे. या जबाबात शीला खळदकर म्हणते.

ताराबाई नामदेव खवले, वय ५६, राहणार उमरेड, जिल्हा नागपूर, या १४ ऑगस्ट २०२४ रोजी व्हिजिटर व्हिसावर खळदकर यांच्या घरी आल्या. व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्रात शैलेंद्र यांनी त्यांना आपल्या आईची बहीण म्हटले होते. त्या तशा नाहीत. उमरेडला त्या लग्नाकार्यात स्वयंपाक करत. शैलेंद्र यांच्या आईंच्या ओळखीतून त्यांना बोलावले गेले. घरात सगळे त्यांना मावशी म्हणत. इथल्या मराठी मंडळातले लोकही मावशी म्हणत. मीही म्हणत असे.

घरातल्या स्वयंपाकघरात वास भरतो म्हणून तळण गॅरेजमध्ये होते. प्रोपेनची शेगडी, लोखंडी तिवई आणि तिच्यावर कढई. पाणी वाहून जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला मध्यभागी उतार आहे. तिवईचा एक पाय उतारावर येत असे, म्हणून त्याखाली कार्डबोर्डची घडी ठेवलेली होती. मी ती घडी पाहिली होती. पायाखाली धातूची पट्टी घाला, असे मी शैलेंद्र यांना २१ सप्टेंबरला सांगितले होते. ते "वीकेंडला बघतो" म्हणाले. मी पुन्हा सांगितले नाही.

उपकरणाबद्दल. २२ ऑगस्टला शीला खळदकर मला म्हणाल्या, "ऊर्मी, तू ते टेंपरेचरचंच काम करतेस ना? आमच्या चकल्या मऊ पडतायत गं. लोक रिव्ह्यू लिहितात."

मी २४ ऑगस्टला एक प्रोब, एक छोटा सर्किट बोर्ड, एक मेमरी कार्ड आणि दोन दिवे यांचे उपकरण बनवून भिंतीवर लावले. तेल १७० ते १८५ अंशांत असले की हिरवा दिवा, एरवी लाल. दर दहा सेकंदांनी तापमानाची नोंद. प्रोब, बोर्ड, कार्ड, दिवे आणि तारा माझ्या आहेत. बाहेरचे आवरण म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा वापरला होता. तो खळदकर यांचा आहे. डबा परत करायला माझी हरकत नाही. उपकरणाच्या बदल्यात मला चिवड्याचा एक डबा मिळाला. तो संपला.

ताराबाई दिव्याकडे फारसे पाहत नसत. त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, मले दिवा काहून पायजे? लाकडी चमचा बुडवला का बुडबुडेच सांगतात. तुह्या शीलाताईले दिसलं पायजे म्हणून लाव."

कॉन्स्टेबलनी येथे चकली म्हणजे काय, असे विचारले. दुभाष्यांनी सांगितले. ते सांगण्यात चार मिनिटे गेली.

२४ ऑगस्ट ते २२ ऑक्टोबर असे साठ दिवस होतात. त्यांपैकी अठ्ठावन्न दिवस कढई तापलेली होती. उरलेल्या दोन दिवसांत एक गणेश चतुर्थी. त्या दिवशी उकडीचे मोदक होते, त्यांना तेल लागत नाही. दुसरा दिवस प्रोपेन संपल्याचा. कढई तापलेली असण्याचा सरासरी वेळ दिवसाला ९ तास ४० मिनिटे. शेवटच्या आठवड्यात ११ तास २० मिनिटे. ३ ऑक्टोबरला कढई दुपारी दोननंतर लागली, कारण ताराबाईंना ताप होता. ही आकडेवारी मी घरमालकांवर लक्ष ठेवायला जमवली नाही. यंत्र आपोआप नोंदवत होते. पण मी त्या घरात राहत होते. कामावरून आल्यावर मला गॅरेजचा दिवा रोज दिसत असे. मी कोणालाही काही सांगितले नाही. हेही नोंदवावे.

२२ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. मी ४ वाजून ५ मिनिटांनी घरी आले. ४ वाजून ४१ मिनिटांनी वरून धातू आपटल्याचा आवाज आला. यंत्रातील नोंद अशी आहे: ४:४१:१० ला १८१ अंश. ४:४१:३० ला ६४ अंश. त्यानंतर तापमान उतरत जाऊन ११ अंशांवर स्थिर. ११ अंश हे गॅरेजच्या जमिनीचे तापमान होते. प्रोब जमिनीवर पडला होता.

मी वर गेले. तिवई उताराच्या बाजूला कलंडली होती आणि ताराबाई शेगडीपाशी बसलेल्या होत्या. तेल उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत आणि उजव्या मांडीवर सांडले होते. त्या ओरडत नव्हत्या. त्यांनी मला सांगितले, "पाय जपून टाक, तेल हाय खाली." मी शेगडी बंद केली आणि त्यांना लगतच्या लाँड्री रूममध्ये नेऊन हात नळाखाली धरला. बांगड्या काढल्या. एक निघत नव्हती, ती कापली.

शीला खळदकर टूथपेस्ट घेऊन आल्या. मी ती लावू दिली नाही. त्यानंतरचे बोलणे असे.

शीला: "अॅम्ब्युलन्स नको गं लगेच. शेजारी बघतात. शैलेंद्रला येऊ दे, तो नेईल गाडीनं."

मी: "मी फोन लावलाय."

शीला: "अगं, विचारल्याशिवाय? घर कोणाचं आहे?"

मी ९११च्या माणसाशी बोलत होते. फोनची वेळ ४:४४. अॅम्ब्युलन्स ४:५३ ला आली. ती येण्याआधी शीला खळदकर ताराबाईंजवळ वाकून म्हणाल्या, "मावशी, कोणी विचारलं ना, तर घरच्यांसाठी करत होते म्हणायचं हं. दिवाळीचं. नाहीतर आपल्या सगळ्यांनाच त्रास." ताराबाईंनी होकारार्थी मान हलवली. त्या वेळी त्यांचा हात पाण्याखाली होता.

शीला खळदकर अॅम्ब्युलन्समधून आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्रॅम्प्टनची डिलिव्हरी असून पॅकिंग राहिले आहे, असे त्या म्हणाल्या. मी गेले.

येथे मला माझी चूक नोंदवायची आहे. इमर्जन्सीच्या काउंटरवर क्लार्कने मला विचारले, ही तुझी कोण? मी म्हणाले, मावशी. तिने फॉर्मवर लिहिले: नाते, भाची. अपघाताचे ठिकाण, घर. कारण, कुटुंबासाठी स्वयंपाक. मी खाली सही केली. मला कोणी खोटे बोलायला लावले नाही. आपल्यात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, मावशी म्हणतात आणि आपण तिला घरचेच समजतो, असे आपण समजतो. दोन महिने तोंडात बसलेला शब्द मी कॅनडाच्या सरकारी फॉर्मवर सही करून दिला. तो फॉर्म पुढे सहा आठवडे त्यांच्या फाइलवर राहिला.

त्याच संध्याकाळी त्यांना हॅमिल्टनच्या बर्न युनिटमध्ये हलवले. शरीराचा चौदा टक्के भाग भाजला होता. उजव्या हाताची जखम खोल होती. डाव्या मांडीची कातडी काढून हातावर लावण्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्या तिथे ३८ दिवस होत्या. मी शनिवारी व रविवारी जात असे. बस बदलून दोन तास लागतात.

खळदकर पतिपत्नी एकदा आले, २७ ऑक्टोबरला, पस्तीस मिनिटे. येताना त्यांनी नर्सेससाठी फराळाचा डबा आणला होता. चकल्या कुरकुरीत होत्या. एका नर्सने ताराबाईंना इंग्रजीत विचारले, या तू केल्यास का? ताराबाईंना इंग्रजी येत नाही. शैलेंद्र यांनी उत्तर दिले, "फॅमिली रेसिपी."

१८ नोव्हेंबरला शैलेंद्र यांनी मला मेसेज केला: "३ डिसेंबरचं मावशींचं तिकीट काढलंय, टोरांटो-मुंबई-नागपूर. इंडियात ट्रीटमेंट बेस्ट होते आणि घरची माणसं आहेत." मेसेज मी आज दाखवला आहे. घरची माणसे म्हणजे एक विवाहित मुलगी. तिला शीला खळदकर यांनी फोनवर "थोडंसं भाजलंय, काळजी नको" असे कळवले होते.

युनिटच्या डॉक्टरांनी सांगितलेले मी तेव्हाच लिहून घेतले होते. लावलेली कातडी आकसते. आकसू नये म्हणून दिवसाचे तेवीस तास घट्ट बसणारा प्रेशर ग्लोव्ह, रात्री हात सरळ धरून ठेवणारे स्प्लिंट, आठवड्यातून दोनदा थेरपी. हे वर्ष ते दीड वर्ष. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा मिटत गेली तर ती उघडायला पुन्हा शस्त्रक्रिया. हे झाले नाही तर हात मूठ होतो आणि मूठच राहतो. उमरेडजवळ अशी सोय कुठे आहे, हे मी दोन दिवस फोन करून पाहिले. नागपुरात एक जागा सापडली. आठवड्यातून दोनदा जायचे, तर सोबत कोणीतरी लागेल. सोबत कोणी नाही.

२९ नोव्हेंबर हा डिस्चार्जचा दिवस. हॉस्पिटलच्या सोशल वर्करने शैलेंद्र यांना फोन केला. त्यांनी सांगितले की पेशंट आमच्याकडे राहत नाही, तिची भाची ऊर्मी शेटे हिला बोलवा, फॉर्मवर तिचेच नाव आहे. यानंतर त्यांचा फोन लागला नाही. शीला खळदकर यांच्या फोनवरून मला मेसेज आला: "त्यांना या घरात आणू नकोस प्लीज. घरात आजारपण नको. तिकीट तर दिलंय ना आम्ही." मी ऑफिसमधून रजा घेऊन गेले. ताराबाई व्हीलचेअरवर, कोट घालून, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन लॉबीत बसल्या होत्या. सकाळी दहापासून. मी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. त्यांनी विचारले, "शैलेंद्रभाऊ गाडी लावून राहिले का?"

मी नाही म्हणाले.

ती रात्र आम्ही एका ओळखीच्या विद्यार्थिनीकडे काढली. पुढची राहण्याची जागा कुठे ठरली, हे वेगळ्या कागदावर आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार. मी माझे सामान आणायला खळदकर यांच्या घरी गेले. दोन सुटकेस आणि एक खोके एवढे सामान होते. सकाळी ११:२० ला मी गॅरेजमध्ये गेले. तक्रारीत लिहिल्याप्रमाणे मी लपून गेले नाही. गॅरेजचे दार उघडे होते आणि शीला खळदकर तिथे उभ्या होत्या. कढई घासून उलटी ठेवलेली होती. तिवईखाली नवी घडी होती. कार्डबोर्डचीच.

मी भिंतीवरचे स्क्रू काढू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे काय करतेस?"

मी: "यंत्र काढतेय."

शीला: "ते आमचं आहे. तू गिफ्ट दिलंस."

मी: "बसवून दिलं. दिलं नाही."

शीला: "काय गं, दीड वर्ष आमच्या घरात राहिलीस. गणपतीत, दिवाळीत ताटावर बसवलं तुला. ही शिकवण?"

मी: "ताट चांगलं होतं."

शीला: "उद्धट आहेस. तुझ्या आईला फोन करते."

त्यांनी तो केला. माझ्या आईने मला त्याबद्दल काय विचारले ते या प्रकरणात येत नाही.

मी उपकरण का नेले, असे कॉन्स्टेबलनी विचारले. आदल्या दिवशी, डिस्चार्जच्या वेळी, सोशल वर्करने मला पुढील गोष्ट समजावून सांगितली होती. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या नातेवाईक बाईला घरी अपघात झाला, तर प्रांताचा आरोग्य विमा तिला लागू नाही. तिची प्रवासी विम्याची मर्यादा शस्त्रक्रियांतच संपली होती. पण तीच बाई कामगार असेल आणि अपघात कामावर झाला असेल, तर प्रांताचे कामगार भरपाई मंडळ तिचा अर्ज घेते. मग ग्लोव्ह, स्प्लिंट, थेरपी, पुढची शस्त्रक्रिया, सगळे त्यात येते. व्हिसा कोणता, हे ते मंडळ आधी विचारत नाही. ती काम करत होती हे मात्र सिद्ध करावे लागते. मी विचारले, कशाने? ती म्हणाली, कशानेही ज्यावर तारीख आणि वेळ आहे. माझ्याकडे तारीख आणि वेळ असलेल्या पाच लाखांहून जास्त नोंदी भिंतीवर लावलेल्या होत्या.

२ डिसेंबरला मी हॉस्पिटलला लेखी दुरुस्ती दिली. तीत लिहिले की मी या पेशंटची भाची नाही, तिचा माझ्याशी रक्ताचा किंवा लग्नाचा कोणताही संबंध नाही, ती खळदकर यांच्या घरी कामाला होती. हे पत्र देण्याआधी मी ते ताराबाईंना मराठीत वाचून दाखवले, कारण ते त्यांच्याबद्दल होते. 

त्या म्हणाल्या, "म्हंजे मी तुही कोणी नाही."

मी म्हणाले, कागदावर नाही.

त्या म्हणाल्या, "कागदावरच तं पायजे होतं न बापा. माह्याकडं कागदावर कोण हाय?" मग त्यांनी विचारले, "अन् आता मले हाक काय मारशीन?"

मी त्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते तक्रारीशी संबंधित नसल्याने नोंदवत नाही. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा पत्रावर दिला. विमान ३ डिसेंबरला गेले. त्या त्यात नव्हत्या. दुरुस्तीमुळे मी नातेवाईक राहिले नाही, म्हणून आता डॉक्टरांच्या खोलीत मला त्यांच्या लेखी परवानगीने बसावे लागते. दर वेळी नवा फॉर्म. आतापर्यंत नऊ झाले.

हॉस्पिटलने एका संस्थेतर्फे थेरपीच्या सहा फेऱ्या मोफत दिल्या. सहावी १४ जानेवारीला झाली. त्यानंतर थेरपी बंद आहे. ग्लोव्ह एकच आहे. दोन लागतात, एक धुण्यात असताना दुसरा घालायला. मी तो धुऊन हेअरड्रायरच्या थंड हवेवर वाळवते. त्याला ३५ मिनिटे लागतात. तेवढा वेळ हात उघडा राहतो.

मी दर रविवारी व्हर्नियरने ताराबाईंच्या उजव्या हाताचे, अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचे, हात पूर्ण ताणल्यावरचे अंतर मोजते. थेरपी चालू असताना ते ९.१ सेंटीमीटर होते. १९ जानेवारीला ८.७. २६ जानेवारीला ८.२. २ फेब्रुवारीला ७.८. परवा, ९ फेब्रुवारीला, ७.४. मोजताना त्या दुसरीकडे पाहतात आणि विचारतात, "वाढलं का?" मी आकडा सांगते.

कामगार भरपाई मंडळाकडे अर्ज ९ डिसेंबरला दिला. उपकरण मी २७ जानेवारीला मंडळाच्या तपासनिसाला पावती घेऊन दिले. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. म्हणजे ते आज माझ्याकडे नाही आणि मला इथून घरी पाठवून ते आणायला सांगण्याचा उपयोग नाही. मंडळाने खळदकर यांना पत्र लिहून खुलासा मागितला. ते पत्र त्यांना ३ फेब्रुवारीला मिळाले. त्याच दिवशी त्यांनी दिलेले उत्तर तपासनिसाने मला वाचून दाखवले. त्यात लिहिले आहे की आमचा कोणताही व्यवसाय नाही, आम्ही हौसेने फराळ करून मित्रांना देतो, ताराबाई या पाहुण्या होत्या आणि अपघाताच्या दिवशी त्या आपल्या आनंदासाठी तळत होत्या. तपासनीस मला म्हणाला, तुझ्या नोंदींवरून तेल रोज दहा तास तापत होते हे दिसते, पण तेलापुढे कोण उभे होते हे यंत्राला माहीत नाही. हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. यंत्राला ते माहीत नाही. अर्जावर सुनावणी २० फेब्रुवारीला आहे.

९ फेब्रुवारीला दुपारी १:१० वाजता शैलेंद्र यांचा फोन आला. तो नव्या नंबरवरून होता. संभाषण मी संपल्याबरोबर लिहून काढले. ते असे.

शैलेंद्र: "ऊर्मी, तू इंजिनियर आहेस. लॉजिकली विचार कर. तुझं पीआर पेंडिंग आहे ना? पोलीस रेकॉर्ड कशाला हवंय?"

मी: "नको आहे."

शैलेंद्र: "मग? तो डबा परत दे, मंडळाला सांग डेटा रिलायबल नाही. आम्ही कम्प्लेंट विड्रॉ करतो. क्लोज. शीला पण फार अपसेट आहे, तिला तू लहान बहिणीसारखी होतीस."

मी: "डबा देते. आतलं नाही."

शैलेंद्र: "मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो, ते असं."

मी: "ताराबाई उमरेडच्या आहेत."

त्यावर त्यांनी फोन ठेवला.

आज मला तक्रार दाखवली तेव्हा तिच्यासोबत जोडलेला एक फोटोही दाखवला. उपकरण आपले आहे आणि आपल्याच जागेत वापरात होते, याचा पुरावा म्हणून शीला खळदकर यांनी तो दिला आहे. त्यांनी तो ११ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दिवशी, फराळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. मी त्या ग्रुपमध्ये नाही आणि त्या दिवशी कामावर होते, म्हणून तो मी आज प्रथम पाहिला. मंडळाचे पत्र येण्याच्या सुमारास ग्रुप बंद करण्यात आल्याचे मी ऐकले आहे. हा फोटो त्यांनी स्वतःहून पोलिसांकडे दिला.

फोटोत गॅरेज आहे. पाटावर कढई, झारा, चकलीचा सोऱ्या आणि शेवेची जाळी मांडलेली आहे. भिंतीवर माझे उपकरण आहे. या सर्वांना हळदकुंकू लावलेले आहे, उपकरणालाही, आणि डब्याच्या झाकणावर झेंडूचे फूल आहे. मागे नावांच्या चिठ्ठ्या लावलेली पार्सले रचलेली आहेत. मी एकोणतीस मोजली. समोर ताराबाई हात जोडून उभ्या आहेत. फोटोखाली शीला खळदकर यांनी लिहिले आहे: "आमच्या फराळामागचे खरे हात! खंडेनवमीच्या शुभेच्छा. दिवाळीच्या ऑर्डर्स सुरू."

कॉन्स्टेबलनी विचारले की ही धार्मिक विधीची छायाचित्रे असतात, त्यात विशेष काय? मी सांगितले आणि ते जसेच्या तसे नोंदवावे. खंडेनवमीला माणूस ज्या हत्यारावर आपले पोट भरतो त्याची पूजा करतो. सुतार रंध्याची करतो, शिंपी यंत्राची, आमच्या इचलकरंजीला मागवाले मागाची करतात. घरी आलेली पाहुणी यजमानांच्या कढईची पूजा करत नाही. तिला कोणी करायला सांगत नाही. त्या दिवशी त्या गॅरेजमध्ये ती हत्यारे कोणाची आहेत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते, म्हणून पुढे ताराबाईंना उभे केले. श्रीमती केळुसकर यांना मी विचारले की हे खरे आहे का. दुभाषी म्हणून त्या मत देऊ शकत नाहीत. त्यांनी मत दिले नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि मग कॉन्स्टेबलना सांगितले की मान हलवली हे लिहू नका. लिहावे अशी माझी विनंती आहे.

तक्रारीच्या चौथ्या ओळीत शीला खळदकर म्हणतात की हे उपकरण नेल्याने "आमच्या केटरिंगच्या कामाचे" नुकसान झाले, कारण "आमची कुक ताराबाई ते रोज वापरत असे". मंडळाला त्यांनी दिलेल्या उत्तरात केटरिंग नाही आणि कुक नाही. दोन्ही कागदांवर त्यांची सही आहे. दोन्हींत तीन दिवसांचे अंतर आहे.

फोटोत ताराबाईंचा उजवा हात आहे. बोटे सरळ आहेत. अंगठा व तर्जनी यांतील अंतर फोटोवरून मोजता येत नाही, कारण हात जोडलेले आहेत.

मला सांगण्यात आले आहे की आरोप ठेवला गेला तर माझ्या कायम वास्तव्याच्या अर्जावर त्याचा परिणाम होऊ शकतो. मला ते समजले आहे. मला असेही सांगण्यात आले की प्रकरण किरकोळ आहे, तक्रारदार तयार आहेत, यंत्राच्या नोंदी भरवशाच्या नाहीत अशा एका पत्रावर मी सही केली तर तक्रार आज दुपारपर्यंत मागे घेतली जाईल आणि फाइल बंद होईल. ते पत्र मी वाचले. त्यावर मी सही करत नाही.

माझी विनंती उलट आहे. ही तक्रार मागे घेऊ देऊ नये. तिला क्रमांक पडला आहे, तो मी लिहून घेतला आहे. तिच्यासोबतचा फोटो तक्रारदारांना परत देऊ नये. कामगार भरपाई मंडळ पोलिसांकडून तक्रारीची प्रत लेखी मागू शकते, असे कॉन्स्टेबलनी माझ्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले. तपासनिसाला मी या खोलीतूनच, १०:५२ वाजता, क्रमांक कळवला आहे. त्याचे उत्तर १०:५८ ला आले: मागणी आज पाठवतो. माझ्यावर चोरीचा आरोप ठेवायचा असेल तर ठेवावा. मग कोणाचे काय चोरले, ते कुठे लावलेले होते, त्यापुढे रोज कोण उभे राहत असे आणि किती तास, हे सगळे शपथेवर सांगावे लागेल, आणि ते शीला खळदकर यांना सांगावे लागेल. मी त्या दिवशी हजर राहीन.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले. नाही.

वरील जबाब मी सांगितला तसा टंकून घेतला गेला. श्रीमती प्रभा केळुसकर यांनी तो मला पहिल्या शब्दापासून मराठीत वाचून दाखवला. एका ठिकाणी "घरी पाहुणी होती" असे टंकले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "घरी कामाला होती" केले आहे आणि खोडल्याच्या जागी मी आद्याक्षरे केली आहेत. बाकी सर्व मी बोलले तेच आहे, खरे आहे, आणि त्यातले काहीही मी मागे घेत नाही.

समक्ष सही: ऊर्मी दिलीप शेटे
वेळ: सकाळी ११ वाजून ३४ मिनिटे